समुपदेशकालाच दाबणारी माणसे

समुपदेशकाच्या खोलीत काही माणसे येतात ती जणू मुलाखत घ्यायलाच. "तुमचे शिक्षण काय? किती वर्षे हे काम करता? माझ्याकडे अर्धाच तास आहे." बायकोला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर नवराच देतो. सत्र संपताना समुपदेशकाच्या लक्षात येते, की आज आपण जवळजवळ बोललोच नाही. अशी माणसे बहुधा स्वतःहून आलेली नसतात. घरच्यांनी आणलेली असतात, नाहीतर रक्तदाब वाढल्यावर डॉक्टरांनी पाठवलेली.

अशा माणसावर ‘हेकेखोर’ असा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. पण त्याच्यासमोर बसल्यावर समुपदेशकाचे काय होते, तेही पाहायला हवे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टिमोथी लिअरी (पुढे एलएसडीच्या प्रचारामुळे गाजले तेच) यांनी 1957 साली माणसांच्या परस्परांशी वागण्याचे एक वर्तुळ मांडले. उभ्या रेषेच्या वरच्या टोकाला वर्चस्व, खाली शरणागती. आडव्या रेषेवर एकीकडे जिव्हाळा, दुसरीकडे वैर. आपले वागणे समोरच्याकडून ठरावीक वागणे ओढून घेते, असे त्यांचे म्हणणे. जिव्हाळ्याला जिव्हाळा मिळतो, वर्चस्वापुढे मात्र समोरचा नमते घेतो. या माणसाला घरीदारी वर्षानुवर्षे नेमके हेच मिळालेले असते. सगळेच ‘हो’ म्हणत असतील, तर आपले काही चुकते आहे असे त्याला वाटावे तरी कशावरून?

समुपदेशकही या ओढीतून सुटत नाही. नवखा असेल तर मान डोलावत राहतो. मानी असेल तर हुज्जत घालतो. दोन्ही वाया. पहिल्याने होयबांच्या यादीत एकाची भर पडते आणि दुसऱ्याने प्रतिस्पर्ध्यांच्या. शिवाय वाद जिंकण्यात समोरच्याचा जन्म गेलेला असतो. दारूच्या व्यसनावर काम करणारे विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये एक वेगळी पद्धत मांडली. बदलाची बाजू समुपदेशक जितकी हिरिरीने मांडेल तितका समोरचा न बदलण्याची बाजू घेतो, म्हणून बदलाची कारणे त्याच्याच तोंडून येऊ द्यावीत, हा तिचा गाभा. दाबून बोलणाऱ्या माणसाला हे जास्तच लागू पडते. सत्राची वेळ आणि शिस्त यांत तसूभर ढिलाई नको. पण बोलायचे कशावर, हे त्याला ठरवू द्यावे. आणि संधी साधून, न चिडता विचारावे, "तुम्ही आता मला दोनदा थांबवलेत. घरीही असेच होते का?" या एका प्रश्नाने जे हलते, ते अर्ध्या तासाच्या उपदेशाने हलत नाही.

कॅरेन हॉर्नी यांनी 1945 मध्येच ‘लोकांवर चालून जाणाऱ्या’ वृत्तीचे वर्णन केले होते. तिच्या मुळाशी असहायतेची भीती असू शकते. चौदाव्या वर्षी बाप गेला आणि घर अंगावर पडले, अशा मुलाने ‘दुसऱ्यावर सोपवले की बुडालो’ असे ठरवले, तर ते तेव्हाचे शहाणपणच. साठीत तोच माणूस सुनेच्या फोडणीतही लक्ष घालतो, तेव्हा त्याला कोणीतरी विचारायला हवे, की आता कोण बुडते आहे? अर्थात प्रत्येक दांडगाईमागे दुखरे बालपण शोधायची हौसही बरी नव्हे. काहींना दरडावणे फायद्याचे पडते, इतकेच.

बाईच्या बाबतीत तर शिक्का आणखी लवकर बसतो. पुरुषात जे ‘करारी’, तेच तिच्यात ‘कजाग’. म्हणून खंबीरपणा आणि दांडगाई यांतला फरक आवाजाच्या पट्टीवरून ठरवू नये. समोरच्याला ‘नाही’ म्हणायची मुभा उरते का, ते पाहावे.

जिथे ‘नाही’ म्हटल्यावर हात उगारला जातो, तिथे मात्र प्रश्न स्वभावाचा राहत नाही. अशा जोडप्याला एकत्र बसवून मोकळेपणाने बोला म्हणणे धोक्याचे आहे, कारण खोलीत खरे बोलल्याची किंमत बाईला घरी गेल्यावर मोजावी लागते. तिला आधी एकटीला भेटावे, 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याची आणि 181 या महिला हेल्पलाइनची माहिती द्यावी. नवऱ्याच्या स्वभावाची उकल नंतर करता येईल.