जेवढं काम, तेवढा वेग



सिल्वासात पाऊस धरला की दोन गोष्टी ठरलेल्या. दमणगंगेचं पाणी बघायला लोक पुलावर गर्दी करतात आणि संध्याकाळी लाइट जा-ये करू लागते. असंच एकदा लाइट येऊन स्थिरावली आणि भाचीचा फोन आला.

"मामा, कॉम्प्युटर फारच रखडतोय. दुकानात दाखवला. ते म्हणाले, प्रोसेसर गेला, आता नवाच घ्या."

भाची डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला. तिचा प्रोजेक्ट अर्ध्यावर होता. कॉम्प्युटर जुना, तिच्या थोरल्या चुलतभावाकडून आलेला. डिप्लोमानंतर तिला पुण्याला डिग्रीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घ्यायचाय. हॉस्टेलच्या डिपॉझिटसाठी ताईने वर्षभर भिशी भरून पैसे बाजूला ठेवले होते. नवा कॉम्प्युटर म्हणजे नेमके तेच पैसे मोडायचे. ताई फोनवर काही बोलली नाही, "तू एकदा बघून जा रे" एवढंच म्हणाली. ताईचा तो आवाज मला कळतो. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. रेनकोट चढवला आणि आमलीला त्यांच्या घरी गेलो.

बांधून ठेवलेला बैल

मी काही कॉम्प्युटरचा डॉक्टर नाही. माझी नोकरी गेली सूत कारखान्यात, मेंटेनन्स खात्यात. पण मशीन बंद पडलं की आम्हाला एक सवय असते. आधी बोलायचं नाही, आधी मोजायचं.

कॉम्प्युटरवर उबुंटू होतं. टर्मिनल उघडून प्रोसेसर आत्ता किती वेगाने चालतोय ते पाहिलं. आकडा आला ८०० मेगाहर्ट्झ. प्रोसेसर मात्र ३.२ गिगाहर्ट्झचा, म्हणजे ३२०० मेगाहर्ट्झचा. मी म्हटलं ठीक आहे, मशीन रिकामं बसलंय, वेग कमी असणारच. मग भाचीला तिचा प्रोजेक्ट कंपाइल करायला लावला. काम सुरू झालं, भार शंभर टक्क्यांवर गेला, आकडा तरी ८००च! पाच मिनिटं बघत बसलो, काटा जागचा हलला नाही.

प्रोसेसर गेलेला नव्हता. बैल धडधाकट होता, कुणीतरी दावणीला आखूड दोरीने बांधून ठेवला होता.

"कुणी काही सेटिंग बदललं होतं का?" मी विचारलं.

भाची थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "मामा, मीच. मार्चमध्ये." आजीचा पलंग त्याच खोलीत. रात्री उशिरापर्यंत अभ्यास चालायचा आणि पंख्याच्या घरघरीने आजीची झोप मोडायची. हिने कुठेतरी वाचलं की 'पॉवरसेव्ह' लावलं की पंखा शांत होतो. लावलं. रीस्टार्ट केल्यावर सेटिंग जातं हे कळलं, म्हणून कॉम्प्युटर सुरू होताना ते आपोआप लागेल अशी ओळही लिहून ठेवली. पंखा गप्प झाला, आजी झोपली, परीक्षा झाली आणि ही ती ओळ विसरून गेली. प्रोजेक्टचं जड काम सुरू झालं तेव्हा चार महिने उलटले होते.

कॉटवरून आजी म्हणाल्या, "तिला रागावू नकोस हो. माझ्यासाठी केलं तिने."

रागावण्यासारखं काही नव्हतंच. विचार बरोबर होता, नावाने फसवलं होतं.

कारखान्यातला पंखा आणि टेबलावरचा प्रोसेसर

आता मुलांनो, हे वेग कमी-जास्त करण्याचं प्रकरण नीट समजून घेऊ. आपल्यापैकी निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी मसाट, पिपरिया, राखोली किंवा खडोलीच्या कारखान्यात आहे. घरी विचारा, 'व्हीएफडी' म्हणजे काय. मोठ्या पंख्याच्या किंवा पंपाच्या मोटरला लावलेला ड्राइव्ह. पूर्वी मोटर सदैव पूर्ण वेगाने फिरायची आणि हवा जास्त झाली की पुढे झडप अर्धी बंद करायचे. एक पाय अॅक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर, असला कारभार. ड्राइव्ह आला आणि मोटरचाच वेग कमी करता येऊ लागला. पंख्याचा हिशेब असा आहे की वेग ८० टक्क्यांवर आणला तर वीज ८० टक्के लागत नाही, साधारण ५१ टक्के लागते. कारण तिथे वेगाचा घन मोजावा लागतो.

प्रोसेसरचंही जवळपास तसंच. त्याच्या आत कोट्यवधी बारीक स्विच असतात आणि घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला त्यातले कित्येक उघडतात-मिटतात. त्यात खर्च होणारी वीज दोन गोष्टींवर ठरते. ठोके सेकंदाला किती, आणि व्होल्टेज किती. व्होल्टेज तर वर्गात मोजायचं. वेग कमी केला की व्होल्टेजही कमी ठेवून भागतं. दोन्ही २० टक्क्यांनी उतरवा: ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१२. पुन्हा तेच ५१ टक्के! कारखान्यातला दहा फुटी पंखा आणि नखाएवढी चिप, दोघांचं गणित एकाच पाटीवर बसतं.

ही युक्ती घरात आधी लॅपटॉपमधून आली. २००० साली इंटेलने 'स्पीडस्टेप' आणलं, त्याच वर्षी एएमडीने 'पॉवरनाऊ'. बॅटरी पुरवायची होती ना. २००३ मध्ये एएमडीच्या अॅथलॉन ६४ बरोबर 'कूल अँड क्वाएट' टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये आलं. थंड आणि शांत. नावातच आजींची सोय!

गव्हर्नर नावाचा मुकादम

वेग बदलता येतो हे झालं, पण कधी बदलायचा हे ठरवणारा कुणी हवा. लिनक्समध्ये त्याला गव्हर्नर म्हणतात. राजभवनातले नव्हेत, इंजिनावरचे. गावाकडे विहिरीवरचं डिझेल इंजिन पाहिलं असेल. भार वाढला की ते आपणच जास्त डिझेल घेतं, भार उतरला की आवरतं. जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनावर १७८८ पासून फिरत्या दोन गोळ्यांचा असा गव्हर्नर बसू लागला. हे नाव तिथून चालत आलंय.

कॉम्प्युटरमधले मुकादम असे:

'परफॉर्मन्स': वेग कायम वरच्या टोकाला. काम असो वा नसो.

'पॉवरसेव्ह': वेग कायम खालच्या टोकाला. भाचीच्या मशीनवर हाच बसला होता.

'ऑनडिमांड': थोड्या थोड्या वेळाने भार बघतो, भार वाढला की झटकन वर, उतरला की खाली. हा २००४ मध्ये आला.

'कन्झर्व्हेटिव्ह': तोही भार बघतो, पण एकेक पायरी चढतो.

'शेडयुटिल': २०१६ मधला. कुठलं काम कधी चालवायचं हे ठरवणारा जो भाग असतो, त्याच्याकडूनच थेट भाराची माहिती घेतो.

इथे एक मोठी फसगत आहे, आणि भाचीही तिथेच अडकली. इंटेलच्या गेल्या दहा-बारा वर्षांतल्या बऱ्याच प्रोसेसरवर लिनक्स वेगळा ड्रायव्हर वापरतं. त्याच्यातही 'पॉवरसेव्ह' नाव आहे, पण ते तळाला बांधून ठेवत नाही, भाराप्रमाणे वेग वाढवतं. जुन्या ड्रायव्हरवर मात्र पॉवरसेव्ह म्हणजे शब्दशः तळ. नाव एक, स्वभाव दोन. ज्याने सल्ला लिहिला त्याचं मशीन आणि आपलं मशीन एकच आहे का, हे आधी बघायचं.

मग काय केलं

सुरुवातीला लागणारी ती ओळ काढून टाकली आणि रीस्टार्ट केलं. मूळचा मुकादम जागेवर आला. रिकाम्या मशीनवर ८००, काम दिलं की ३२००. जे कंपाइल अकरा मिनिटं घ्यायचं, ते तीन मिनिटांच्या आत संपलं. भाचीचा चेहरा बघण्यासारखा होता.

पण गोष्ट इथे संपली नाही, कारण पंखा पुन्हा गरजू लागला. आजी कॉटवर उठून बसल्या. मग डबा उघडला. प्रोसेसरवरच्या धातूच्या पट्ट्यांत धुळीचा आणि तंतूंचा गालिचा बसला होता. हवा जायला जागाच नाही, तर पंखा ओरडणार नाही तर काय करणार? वायर काढून, पंख्याची पाती बोटाने धरून, मऊ ब्रशने सगळं साफ केलं. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावली. आता जड काम चालू असतानाच पंख्याचा आवाज येतो आणि काम संपलं की तो आपसूक शांत होतो. मूळ आजार धूळ होता, सेटिंगने तो फक्त झाकला होता.

भाचीने लगेच विचारलं, "मामा, मग कायमचं परफॉर्मन्सच का नको?"

प्रश्न चांगला आहे. दूध तापवताना आपण गॅस मोठा करतो, साय धरली की बारीक. दिवसभर मोठ्या आचेवर कोण ठेवतं? मशीनचं बरंचसं आयुष्य आपण वाचतो, विचार करतो, चहा पितो त्यात जातं. तेव्हा वरचा वेग म्हणजे फुकटची उष्णता. सिल्वासाच्या मे महिन्यात ती खोलीतच साठते. फार तापलं तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपणच वेग उतरवतो, म्हणजे हावेपोटी मिळवलेला वेगही हातचा जातो. आणि लाइट गेली की यूपीएसची बॅटरी जितका भार जास्त तितकी लवकर बसते. फाइल सेव्ह करायला मिळणारी ती चार मिनिटं फार मोलाची असतात.

उलट कायम तळाला ठेवूनही बचत होत नाही. काम चौपट वेळ चालतं, तेवढा वेळ स्क्रीन, डिस्क, मेमरी सगळेच जागे राहतात. शिवाय व्होल्टेजलाही एक तळ असतो, त्याखाली गेल्यावर नुसता वेग घटतो. म्हणून काम पटकन उरकायचं आणि पटकन विसावायचं. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, तेच.

बिलाबद्दल मात्र भलती आशा नको. समजा २० वॉट वाचले आणि मशीन रोज सहा तास चालतं, तर महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास. फ्रिजचं दार नीट लावण्याएवढीच ही बचत. खरा फायदा उष्णता, आवाज आणि मशीनचं आयुष्य यांत आहे. मोठ्या जागी मात्र हाच हिशेब फार मोठा होतो. पुण्याच्या सी-डॅकचा 'परम युवा २' हा महासंगणक २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये कमी विजेत जास्त काम करणाऱ्या यंत्रांच्या 'ग्रीन ५००' यादीत भारतात पहिला आणि जगात ४४ वा होता. नुसता वेग नव्हे, वॉटमागे किती काम, हा तिथला प्रश्न असतो.

तुमच्या घरी

नवा कॉम्प्युटर घेण्याआधी एवढं करा.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर सीपीयूचा चालू वेग दिसतो. जड काम देऊन तो वर जातो का बघा. जात नसेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'बॅलन्स्ड' निवडा. तिथे प्रगत सेटिंगमध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' दिसत असेल तर ते १०० टक्के आहे ना, हेही तपासा. कुणीतरी कधीकाळी ५० करून ठेवलेलं असू शकतं.

उबुंटूवर सेटिंग्जमध्ये पॉवरच्या पानावर 'पॉवर मोड' असतो. तिथे 'बॅलन्स्ड' ठेवा. जुन्या मशीनवर 'सीपीयूपॉवर' नावाच्या मोफत साधनाने कुठला ड्रायव्हर आणि कुठला गव्हर्नर आहे ते कळतं.

वेग कशानेच बदलत नसेल तर बायोसमध्ये स्पीडस्टेप किंवा कूल अँड क्वाएट बंद केलेलं नाही ना, ते बघा. आणि वेग वर जाऊन थोड्या वेळाने घसरत असेल, तर सेटिंग सोडा, धूळ काढा.

जे काही बदलाल ते तारीख टाकून वहीत लिहा. आमच्या खात्यात प्रत्येक मशीनची अशी वही असायची. भाचीने आता कॅबिनेटच्या आत एक कागद चिकटवलाय. पहिली ओळ: 'मार्च, पॉवरसेव्ह, आजीसाठी.' दुसरी ओळ: 'जुलै, काढलं, मामा.'

निघताना ताईने डब्यात अळूवड्या दिल्या. भिशीच्या पैशांचा विषय तिनेही काढला नाही, मीही नाही. पण दारात चपला घालताना ती म्हणाली, "पुण्याच्या हॉस्टेलचा फॉर्म कधी निघतो रे?"

भेटू पुढच्या अंकात. तोवर घरातल्या कॉम्प्युटरचा डबा एकदा उघडून बघा आणि आत काय सापडलं ते मंडळाच्या ग्रुपवर नक्की कळवा!