आधी माणसं, मग खेळ

वर्षअखेर जवळ आली की ऑफिसातल्या एखाद्या उत्साही माणसावर पार्टीच्या खेळांची जबाबदारी पडते. बहुतेक ठिकाणी यादी ठरलेली असते: संगीत खुर्ची, रस्सीखेच, हाऊजी. ही यादी एकदा नीट तपासावी, असं मला मनापासून वाटतं.

संगीत खुर्चीत आधी बाद कोण होतं? गुडघेदुखीचे काका, साडी सांभाळत आलेल्या मॅडम, महिन्यापूर्वी रुजू झालेला बुजरा मुलगा. ज्यांना सगळ्यांत मिसळून घ्यायचं, त्यांनाच आपण पहिल्या पाच मिनिटांत कडेला उभं करतो. माणसं जोडायला म्हणून घेतलेल्या खेळात कुणी बाद होता कामा नये.

रस्सीखेचीत सगळे एकत्र जोर लावतात, असं दिसतं. मॅक्स रिंगलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने हा जोर मोजला होता. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार दोराला माणसं वाढत गेली की प्रत्येकाची ओढ कमी होत जाते; आठ जण मिळून त्यांच्या एकूण ताकदीच्या निम्म्याच्या आसपासच जोर लावतात. थोडी ताकद ताल न जुळल्याने वाया जाते आणि थोडी ‘बाकीचे ओढताहेत ना’ या भावनेने लागतच नाही. गर्दीत लपायची सोय असलेला खेळ कशाला निवडायचा?

आपल्या लगोरीत ही सोय नाही. एक जण नेम धरून सात लगोऱ्या फोडतो, दुसरा चेंडू अंगावर ओढवून घेतो, तेवढ्यात तिसरा खाली वाकून थर रचतो. नेमबाज, चपळ आणि शांत हाताचा, तिघांनाही काम मिळतं. पार्किंगच्या मोकळ्या जागेत, मऊ चेंडू घेऊन, बेताने धावत ती मजेत खेळता येते.

खोलीतच खेळायचं असेल, तर मनोऱ्याचा खेळ घ्या. चौघांच्या गटाला न शिजवलेल्या स्पॅगेटीच्या २० काड्या, हातभर चिकटपट्टी, तेवढीच दोरी आणि एक मार्शमेलो द्यायचा. १८ मिनिटांत उंचात उंच मनोरा उभा राहिला पाहिजे आणि मार्शमेलो टोकावर. (त्यात बहुधा जिलेटिन असतं, शाकाहारी मंडळींसाठी स्पंजचा तुकडा चालेल.) टॉम वूजेक यांनी हा खेळ कितीतरी गटांकडून करून घेतला. बिझनेस स्कूलमधून नुकतेच बाहेर पडलेले तरुण त्यात मागे पडले आणि बालवाडीची मुलं त्यांच्या पुढे गेली. कारण मुलं पहिल्यापासून मार्शमेलो लावून, पाडून, पुन्हा रचून बघतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. कंपनीप्रमुखांच्या गटात त्यांचं कार्यालय सांभाळणारी सहायक व्यक्ती आली, की मनोरा बराच उंच होई. आपल्याकडेही साहेबांच्या केबिनबाहेर बसून सगळ्यांची कामं मार्गी लावणारं माणूस असतं. त्याला गटात घ्याच.

अंताक्षरी मला प्रिय आहे. पण हिंजवडीतल्या ऑफिसात तमिळ आणि बंगाली सहकारी निम्मे असतील, तर तिथे सगळ्या भाषांतली गाणी चालली पाहिजेत. डोळे मिटून मागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं, हा खेळ मात्र यादीतून काढूनच टाका. परक्या हातांचा स्पर्श कुणाला नकोसा होऊ शकतो आणि चारचौघांत ‘नको’ म्हणणं अवघड जातं. महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा कामानिमित्त जिथे जावं लागतं त्या जागेलाही लागू आहे. रिसॉर्टवर नेलं म्हणून जबाबदारी संपत नाही.

वेळ कामाच्या तासांतलीच ठेवा. संध्याकाळी सातनंतर कुणाची लोकल असते, कुणाचं पाळणाघर बंद होतं. गट चिठ्ठ्या टाकून पाडा आणि त्या चिठ्ठ्यांत पँट्रीतल्या मावशींचं, सुरक्षारक्षकांचं, कंत्राटावरच्या मुलांचंही नाव टाका. त्यांना खेळावंसं वाटलं, तर तेवढा वेळ चहा आपला आपण करून घ्यावा.