गरज सरो, वैद्य मरो!

परवा दुपारी तांदूळ निवडत बसले होते. तेवढ्यात आमच्या गल्लीतली एक वहिनी मोबाईल घेऊन आली. "ताई, एवढं वाचून सांगा नं, इंग्रजीत काय लिहिलंय?" मी वाचलं. कमिशनची योजना आजपासून थांबवत आहोत, सहकार्याबद्दल आभार. बस्स, दोन ओळी!

वहिनी गप्प झाली. मग म्हणाली, "माह्यं काय चुकलं वो ताई? गिऱ्हाईक तर म्याच जोडले नं!"

हे काम आता बऱ्याच जणींना माहीत आहे. कंपनी साड्या-कुर्त्यांचे फोटो पाठवते, आपण ते व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीपाळखीत टाकायचे. ऑर्डर आली की माल थेट गिऱ्हाइकाच्या घरी आणि आपले पन्नास-साठ रुपये खात्यात. २०१५ मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या मीशोनं आणि पुढं ग्लोरोडसारख्या कंपन्यांनी ही पद्धत घराघरांत नेली. ग्लोरोड २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉननं घेतली. मीशोनंही २०२१ च्या सुमारास थेट ग्राहकाला विकण्यावर भर दिला. (वहिनीची कंपनी वेगळी. तिचं नाव मुद्दामच घेत नाही.)

आमच्या ढाणकीसारख्या गावात बाईनं दुकान टाकायचं म्हणजे भाडं, भांडवल आणि घरच्यांची परवानगी, तिन्ही लागतं. इथं फक्त मोबाईल लागला. वहिनीनं त्यातून पोरीच्या शिकवणीची फी भरली. पण त्यासाठी तिनं काय केलं, ते कुणी मोजलं? "कापड चांगलं आहे, रंग जात नाही, नाही आवडलं तर मी परत करून देते," अशी हमी ती स्वतःच्या शब्दावर देत होती. बायांनी विश्वास टाकला तो तिच्यावर, कंपनीवर नाही. आता त्याच बाया स्वतः मोबाईलवर मागवतात. गिऱ्हाईक कंपनीचं झालं आणि वहिनी मधल्यामधे गेली.

हे फक्त आपल्याकडंच घडतं असंही नाही. कॅलिफोर्नियानं २०११ मध्ये विक्रीकराचा नवा कायदा केला, तेव्हा अ‍ॅमेझॉननं तिथल्या हजारो कमिशनवाल्यांचं काम थांबवलं. सरकारशी तडजोड झाल्यावर त्याच वर्षी परत बोलावलं. भांडण सरकारशी आणि उपास यांना! २०२० च्या एप्रिलमध्ये, ऐन कोरोनात, याच कंपनीनं अमेरिकेत फर्निचर आणि घरसामानावरचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणलं.

व्यापाऱ्यानं योजना बंदच करू नये, असं मी म्हणत नाही. तोट्यातला धंदा कुणी चालवावा? काही जण खोट्या ऑर्डरी टाकून कमिशन लाटतात, हेही खरं. पण शेतावरच्या सालदारालासुद्धा आपण आदल्या दिवशी सांगून काढत नाही. ज्यांना जाहिरातीत "भागीदार" म्हटलं, त्यांना महिना-दोन महिने आधी कळवायला काय हरकत होती? तेही त्यांना समजेल अशा मराठीत. आधीच्या ऑर्डरींचे पैसे मुकाट्यानं चुकते करावेत. वहिनीचे अकराशे रुपये अजून अडकलेत. तक्रारीच्या नंबरावर फोन लावला की मशीन बोलते.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत अ‍ॅपवर काम करणाऱ्यांचा पहिल्यांदा उल्लेख आला. डिलिव्हरीवाल्या पोराचा विचार झाला, चांगलंच झालं. मग घरात बसून त्याच कंपनीला गिऱ्हाईक आणून देणाऱ्या बाईचाही स्पष्ट शब्दांत व्हावा, एवढंच मागणं आहे.

आणि मैत्रिणींनो, थोडं आपलंही चुकतं. अटी न वाचताच आपण "मान्य" दाबतो. "केव्हाही, न कळवता बंद करू" हे तिथं बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. म्हणून एकाच कंपनीच्या भरवशावर राहू नका. गिऱ्हाइकांची नावं, नंबर, आवडीनिवडी, येणी-देणी आपल्या वहीत लिहा. कंपनी गेली तरी ती वही आपल्यापाशी राहते.

वहिनीला मी तेच सांगितलं. आमच्या बचतगटाची हळद आणि शेवया आहेतच. पुढच्या आठवड्यापासून ती त्याच ग्रुपवर त्यांचे फोटो टाकणार आहे. अकराशे रुपयांचा अर्ज मात्र आम्ही दोघी मिळून लिहितोय, आणि तो मराठीतच पाठवणार आहोत!