दोघांचा तंबू आणि श्रावकाचा हिशेब

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते. साधू-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि श्रावकांच्या घरी यात्रेचे बेत ठरू लागतात. याच सुमारास सह्याद्रीतील वाटा कोरड्या झालेल्या असतात. आकाश निवळून अंबरनाथच्या आसमंतातून मलंगगडाची रांग स्पष्ट दिसू लागली, की बुवापाड्यातील घराघरांतल्या तरुणांचे पाय घरात ठरत नाहीत.

अशा एखाद्या कापडव्यापाऱ्याच्या घरी संवाद साधारण ठरलेला असतो. “पप्पा, दोघांचा तंबू दीड हजारात मिळतो,” असे मुलगा सांगतो. “तो स्वस्त आहे की परवडणारा, हे आधी सांग,” असे वडील विचारतात. आईची चिंता निराळीच असते. रात्री उघड्यावर जयणा कशी पाळली जाणार, चौविहार कसा सांभाळला जाणार, हे तिला कळायला हवे असते. तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि तिन्हींची उत्तरे एकाच खरेदीत दडलेली आहेत.

पहिला विचार हा, की तंबू वाहणार कोण. दोन भाऊ तो पाठीवर घेऊन गड चढणार असतील तर प्रत्येक किलो जाणवतो. सॅकचे एकूण ओझे शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक नसावे, असा डोंगरात फिरणाऱ्यांचा ठोकताळा आहे. साठ किलोच्या मुलाने बारा किलोच्या वर नेऊ नये. त्यात पाणी आणि शिधा धरला, तर तंबूसाठी फार तर दीड-दोन किलो उरतात. म्हणून तीन किलोच्या आतला तंबू घ्यावा. एकाने आतला कक्ष आणि काठ्या घ्याव्यात, दुसऱ्याने बाहेरचे आवरण आणि मेखा. म्हणजे भार निम्मा होतो. दीड किलोहून हलके तंबूही मिळतात, परंतु त्यांची किंमत कित्येक पटींनी वाढते. हाच तंबू पुढे आई-वडील मोटारीतून नेणार असतील, तर त्यांच्या दृष्टीने वजन गौण आणि ऐसपैसपणा महत्त्वाचा. दोन्ही उपयोग एकाच तंबूतून साधायचे असतील, तर वाहणाऱ्याच्या सोयीने वजन ठरवावे आणि झोपणाऱ्याच्या सोयीने लांबी-रुंदी.

‘दोघांसाठी’ या शब्दांवर विसंबू नये. त्यांचा अर्थ एवढाच, की दोन चटया खांद्याला खांदा लावून मावतील. सामानाची जागा त्यात धरलेली नसते. जमिनीचे माप किमान 130 सेंटिमीटर रुंद आणि 210 सेंटिमीटर लांब असावे. दाराबाहेर आवरणाखाली थोडा आडोसा असावा, म्हणजे बूट आणि सॅक तेथे राहतात. केवळ मोटारीनेच जायचे असेल, तर दोघांनी तिघांचा तंबू घेणे शहाणपणाचे.

यापुढचा भाग कापडव्यापाऱ्याला शिकवावा लागत नाही. उल्हासनगरच्या गजानन मार्केटमध्ये ताग्यावर हात फिरवणाऱ्याला डेनियर म्हणजे काय ते ठाऊक असते : नऊ हजार मीटर धाग्याचे ग्रॅममधील वजन. तंबूच्या कापडालाही हेच माप लागू पडते. नायलॉन वजनाच्या मानाने बळकट असते. पॉलिस्टर ओले झाल्यावर कमी सैलावते आणि उन्हातही अधिक टिकते. आपल्याकडील उन्हासाठी परवडणाऱ्या तंबूत पॉलिस्टर चांगले. कापडावर मिलिमीटरमध्ये दिलेला आकडा त्याची पाणी थोपवण्याची शक्ती सांगतो. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला, तरी पाणी झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. वरच्या आवरणाला 2000 पुरेसे असते. तळाला त्याहून अधिक हवे, कारण तेथे झोपणाऱ्याचा दाब पडतो. शिवणी आतून फीत लावून बंद केल्या आहेत की नाहीत, ते उलटून पाहावे. उत्तम कापडाचा तंबूही उघड्या शिवणीतून गळतो.

खरी फसगत होते ती एकेरी कापडाच्या तंबूत. दोन माणसांच्या श्वासाची वाफ रात्रभर थंड कापडावर साचते आणि पहाटे थेंब होऊन अंगावर पडते. दुहेरी तंबूत आत जाळीचा कक्ष आणि वर वेगळे आवरण असते. मधल्या पोकळीतून हवा खेळते आणि ओल बाहेरच्या बाहेर राहते. ही जाळी डासांना आत येऊ देत नाही, त्यामुळे झोपेत त्यांना मारण्याचा प्रसंगच येत नाही. आईच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच मिळते.

उरलेले निम्मे वागणुकीत आहे. दोन काठ्यांचा साधा घुमटाकार तंबू दहा-पंधरा मिनिटांत उभा राहतो. म्हणून मुक्कामी लवकर पोहोचावे, सूर्यास्तापूर्वी तंबू उभारून जेवण आटोपावे; मग अंधारात दिवा लावून कीटक ओढून घेण्याचे कारण उरत नाही. जागा पुंजणीने हळुवार पुंजून घ्यावी, वारूळ आणि बिळे टाळावीत. तंबूभोवती चर खणू नये. किंचित उंचवट्याची जागा निवडली तर त्याची गरजच पडत नाही. कातळावर मेखा शिरत नाहीत, तेथे दोऱ्या दगडांना बांधाव्यात; पण दगड उचलण्यापूर्वी त्याखाली काही जीव आहे का, ते पाहावे. तंबूच्या आत शेगडी कधीही पेटवू नये. बंद जागेत विषारी वायू साचून झोपेतच प्राण जाऊ शकतो. सोबत स्लीपिंग बॅग घेताना आत काय भरले आहे ते अवश्य विचारावे. महाग पिशव्यांत बदक-हंसांची पिसे असतात. कृत्रिम तंतूंची पिशवी थोडी जड असली, तरी श्रावकाच्या घराला तीच शोभते.

आता वडिलांचा प्रश्न. समजा, पाच हजारांचा दुहेरी तंबू पाच वर्षे टिकला आणि वर्षाला सहा रात्री वापरला गेला, तर एका रात्रीचा खर्च सुमारे 167 रुपये येतो. दीड हजारांचा एकेरी तंबू एकाच हंगामात फाटला, तर तोच खर्च 250 रुपयांवर जातो. मात्र वर्षात दोनच रात्री जायचे असेल, तर पाच हजारांच्या तंबूची रात्र 500 रुपयांना पडते. त्यापेक्षा भाड्याने आणलेला बरा. परिग्रह-परिमाणाचे व्रत येथे व्यवहारालाही साथ देते. पहिला मुक्काम भाड्याच्या तंबूत करावा आणि गरज पटली तरच खरेदी करावी.

अशा पहिल्या मुक्कामाला इगतपुरीजवळचा त्रिंगलवाडी गड योग्य आहे. गडाच्या पोटात जैन लेणे असून आत ऋषभदेवांची मूर्ती आहे. दर्शन आणि डोंगर दोन्ही साधतात. तंबू मात्र लेण्यात किंवा त्याच्या अंगणात लावू नये. पायथ्याच्या गावात परवानगी घेऊन लावावा. मुले सॅक घेऊन रेल्वेने आणि आई-वडील मोटारीने, असे दोन्ही मार्ग तेथे मिळतात.

परतल्यावरचे काम सर्वांत महत्त्वाचे. ओला तंबू घडी करून ठेवला, तर आतला लेप चिकट होऊन सुटतो आणि कापडावर बुरशी धरते. वस्तूही जाते आणि अनंत जीवांच्या उत्पत्तीचा दोषही लागतो. तो सावलीत पूर्ण वाळवून, सैल पिशवीत भरून कोरड्या जागी ठेवावा. चातुर्मासाच्या दमट महिन्यांपूर्वी एकदा पुन्हा उघडून पाहावा. घेतलेली वस्तू अशी सांभाळली, तरच ती परवडली असे म्हणता येते.