दमानं घ्या, धबधबा पळून जात नाही

पाऊस परतीला लागला आहे. विहारात तीन महिने चाललेले 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन आश्विन पौर्णिमेला पूर्ण होईल, वर्षावासाची सांगता होईल आणि दर वर्षीप्रमाणे महिला मंडळात विषय निघेल, "ताई, यंदा सहल काढायची का?"

माझे मत विचाराल तर जरूर काढायची. फक्त आपल्याकडे ती जशी काढतात तशी काढायची नाही. पहाटे चारला गाडी, दहा सीटच्या गाडीत सतरा माणसे, एका दिवसात वेरूळ, खुलताबाद, म्हैसमाळ, दौलताबाद आणि वेळ उरला तर मकबरासुद्धा. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटे, त्यातली दहा फोटो काढण्यात. रात्री बाराला घरी आणि सकाळी सहाला पुन्हा धुणीभांडी नाही तर एमआयडीसीची पाळी. पुढचे आठ दिवस कुणाची कंबर धरलेली, कुणाला लघवीला जळजळ, कुणाची शुगर चढलेली. परिचारिका म्हणून नोकरी केली तेव्हा आणि आता वस्तीत काम करतानाही सहलीनंतरच्या अशा तक्रारी मी अनेकदा ऐकल्या आहेत. सहलीने माणूस ताजातवाना झाला पाहिजे. ती करून माणूस अंथरूण धरत असेल तर सहलीची आखणी चुकली असे समजावे.

आपल्या बाया प्रवास कमी करतात असे नाही. लग्नाला जातात, मयतीला जातात, लेकीच्या बाळंतपणाला जातात, पेशंटसोबत घाटीत रात्री काढतात. दीक्षाभूमी, चैत्यभूमीला जातात, तेही लेकराबाळांचे आणि म्हाताऱ्यांचे सगळे करत. पण कुणाचे काही करायचे नाही, नुसते बसून डोंगराकडे, पाण्याकडे बघायचे, असा एक दिवस आयुष्यात आला का, असे विचारले तर बऱ्याच जणी हसतात. हर्सूलच्या नाक्यावरून सिल्लोड, अजिंठा, जळगावच्या एसटी दिवसभर जातात. त्या बसेस चाळीस वर्षे बघणाऱ्या एक मावशी माझ्या ओळखीच्या आहेत. साठी ओलांडली तरी त्यांनी अजिंठा पाहिला नव्हता. "जायला काय कारण काढावं?" असे त्यांचे म्हणणे. बाईला विश्रांतीसाठीही कारण काढावे लागते, हा माझ्या मते आरोग्याचाच प्रश्न आहे. डोकेदुखी, झोप न लागणे, छातीत धडधड या तक्रारी घेऊन येणाऱ्या किती जणींना गोळीइतकीच उसंतीची गरज असते, हे बाह्यरुग्ण विभागात एक आठवडा बसले तरी कळते.

सहल म्हणजे श्रीमंतांचे चोचले, चळवळीच्या माणसांनी असल्या गोष्टीत वेळ घालवू नये, असे म्हणणारेही आपल्यात आहेत. त्यांना एका सहलीची आठवण करून द्यावीशी वाटते. १९३४ साली बाबासाहेब आपल्या तीसेक सहकाऱ्यांसोबत प्रेक्षणीय स्थळे बघायला निघाले होते. वेरूळची बौद्ध लेणी बघायचीच, असे ठरलेले होते. नाशिकहून मोटारीने औरंगाबादकडे येताना वाटेत दौलताबादला थांबले. अंगावर रस्त्याची धूळ बसलेली, म्हणून काही जणांनी किल्ल्याच्या दाराबाहेरच्या हौदावर हातपाय-तोंड धुतले. तेवढ्यावरून हौद बाटवल्याचा आरडाओरडा झाला, जमाव जमला. शेवटी किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर आणि सोबत हत्यारबंद शिपाई देऊन त्यांना आत सोडले. बाबासाहेबांनी हे सगळे 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे. इतक्या कामाच्या रगाड्यात त्यांना सोबत्यांसह लेणी बघायला वेळ काढावासा वाटला, ही पहिली गोष्ट. आणि प्रवासात तोंड धुवायला पाणी मिळणे हासुद्धा हक्काचा प्रश्न असतो, ही दुसरी. याच जिल्ह्यात आज आपण धबधब्याखाली हात धरू शकतो, ते कुणामुळे, हे वेगळे सांगायला नको.

आता हंगामाचे बघू. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी जोरात असते म्हणून सगळे तेव्हाच धावतात. माझ्या मते आपल्यासारख्या, लेकरे आणि वयस्कर माणसे सोबत असणाऱ्या मंडळींनी सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य ही वेळ धरावी. धबधबे अजून वाहते असतात, पण पाणी निवळलेले असते. घाटात दरडीची भीती कमी होते. ३१ ऑगस्ट २०२१ ला कन्नडच्या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता, हे आपल्याला आठवत असेल. भगवान बुद्धांनी भिक्खूंना पावसाळ्यात एका जागी राहायला सांगितले आणि चारिका पाऊस सरल्यावर ठेवली. कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली चिरडू नयेत, हे त्यामागचे कारण. पावसाळ्यात प्रवासाची घाई करू नये, हे शहाणपण आपल्याला नवे नाही.

थंड देशांत या दिवसांत झाडांची पाने लाल-पिवळी होतात आणि लोक ती बघायला सावकाश मोटारी घेऊन निघतात. आपल्या मराठवाड्यात आश्विनात पानगळ नसते. सागाची पाने गळायची ती हिवाळ्यात, पळस पेटायचा तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. पण आश्विनाचा रंग आपल्याकडेही आहे. डोंगरउतारावर पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, हिरव्यातून सोनेरी होऊ लागलेले गवत, आणि दौलताबादच्या रस्त्याला पाट्यांत मांडलेली सीताफळे. हे बघायला ताशी ऐंशीच्या वेगाने जाणारी गाडी कामाची नाही. एक अडचण मात्र आहे. हीच वेळ सोयाबीन काढणीची आणि पुढे कापूस वेचणीची. ज्या बहिणी मजुरीला जातात त्यांचा दिवस बुडतो. म्हणून तारीख ठरवताना आधी त्यांना विचारा. पगारी माणसांच्या रविवारावर सगळ्यांची सहल ठरवू नका.

मार्ग कसा आखायचा? माझे उत्तर अनेकांना विचित्र वाटेल. आधी शौचालये कुठे आहेत ते बघा, मग ठिकाणे ठरवा. प्रवासाच्या दिवशी बाया पाणी पीत नाहीत, कारण वाटेत जायला जागा नसते. सकाळी सातला निघालेली बाई दुपारी दोनपर्यंत लघवी दाबून धरते. पाणी कमी आणि लघवी तुंबलेली, म्हणजे मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाला आमंत्रण. गरोदर बाईला आणि मधुमेह असणाऱ्या बाईला याचा धोका जास्त. म्हणून दर दीड-दोन तासांनी थांबा ठरलेलाच असावा. पेट्रोल पंप, बसस्थानक, लेण्यांचे तिकीटघर, जिथे सोय आहे तिथे. ड्रायव्हरला निघण्यापूर्वीच सांगा, म्हणजे वाटेत कुणाला लाजत विचारावे लागणार नाही. मुंबईत २०११ पासून बायांनी 'राइट टू पी' म्हणून चळवळ उभी केली. जगप्रसिद्ध लेण्यांच्या आपल्या जिल्ह्यातही दर पंचवीस किलोमीटरला बायांसाठी स्वच्छ, पाणी असलेले शौचालय मागायला हवे. सहलीहून आल्यावर कुठे सोय होती, कुठे नव्हती, याची यादी करा. मंडळाच्या सह्यांनी ती जिल्हाधिकारी कार्यालयात द्या. त्या यादीवर बसणाऱ्यांना टाळता येणार नाही इतक्या सह्या असू द्या.

दुसरा विषय पाण्याचा, आणि इथे मी कडक बोलणार आहे. धबधबा बघायचा असतो, त्यात उतरायचे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. आपल्या काळ्या दगडावर शेवाळ धरते, त्यावर पाय ठरत नाही. खालच्या डोहाची खोली वरून कळत नाही. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वर डोंगरात पाऊस झाला की पाणी अचानक वाढते. पाणी गढूळ झाले, काटक्या-पाला वाहून येऊ लागला, आवाज वाढला, की तिथून लगेच निघायचे. पोरांना दारूच्या बाटल्या आणि मोबाइल घेऊन कड्यावर उभे राहू देऊ नका. कुणी पडलेच तर मागोमाग उडी मारू नका. ओढणी, साडी, दोर, काठी, जे हाताला लागेल ते फेका. बाहेर काढलेल्या माणसाचे पोट दाबणे, त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे हे सगळे चुकीचे आहे. त्यात मोलाची मिनिटे जातात. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा, छाती दाबायची, आणि त्याच वेळी दुसऱ्याने १०८ ला फोन लावायचा. हे एकदा शिकून घ्या. विहारात तासाभराचे प्रात्यक्षिक सहज होते.

लेण्यांत आग्या मोहोळे असतात. तिथे धूर, दगड, आरडाओरडा नको. अत्तर मारून जाऊ नका. गवतात पाय टाकताना बूट घाला. साप चावलाच तर आवळून बांधणे, कापणे, चोखणे नको. चावलेला भाग हलवू न देता सरळ सरकारी दवाखाना गाठा.

औषधांच्या बाबतीत एकच सांगणे. सहलीच्या दिवशी गोळ्यांना सुट्टी नसते. बीपीच्या गोळीने लघवी जास्त होते म्हणून ती टाळणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. गोळी टाळू नका, वेळ बदलता येईल का ते आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. मधुमेह असेल तर जेवणाची वेळ चुकवू नका. घाम सुटला, हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, की लगेच साखर किंवा गूळ खायला द्या. इन्सुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नका. उलट्या-जुलाब झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. हे चमचे सपाट हवेत, शीग लावून नकोत. पिण्याचे पाणी घरून न्या. ओढ्याचे पाणी कितीही स्वच्छ दिसले तरी पिऊ नका.

आता ठिकाणे. हर्सूलकरांनी एका दिवसात पाच ठिकाणे करण्यापेक्षा तीन वेगळ्या सहली कराव्यात, असे माझे सांगणे आहे. पहिली अर्ध्या दिवसाची: विद्यापीठामागची बुद्धलेणी सकाळी, आणि संध्याकाळी हर्सूल तलाव. यात कुणाचे गुडघे किती साथ देतात ते कळते. दुसरी अजिंठ्याची. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, फुलंब्री आणि सिल्लोडला थांबत. सोमवारी लेणी बंद असतात. फर्दापूरच्या फाट्यावरून एसटीची बस लेण्यांपर्यंत नेते. घोड्याच्या नालेसारख्या दरीत वाघूर नदी आणि तिच्या तोंडाशी सप्तकुंडाचा धबधबा. सगळी लेणी बघायचा अट्टाहास नको. चार-पाच नीट बघा आणि तासभर सावलीत पाण्याचा आवाज ऐकत बसा. ज्यांना चढवत नाही त्यांनी डोलीची चौकशी करावी, त्यात कमीपणा नाही. तिसरी वेरूळची. ही लेणी मंगळवारी बंद असतात. १ ते १२ ही बौद्ध लेणी सकाळी उन्हाआधी बघावीत, आणि पावसाळा चांगला झाला असेल तर २९ क्रमांकाच्या लेण्याजवळ वेळगंगेचा धबधबा मिळतो. पाय धड असणाऱ्या तरुण मुला-मुलींनी कन्नडकडची पितळखोरा लेणी बघावीत. पायऱ्या पुष्कळ आहेत, पण घळीतून वाहणारे पाणी आणि सातवाहन काळातली लेणी एकाच जागी दिसतात.

खर्चाचे म्हणाल तर १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धे तिकीट आहे आणि पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना प्रवास मोफत. अजिंठा-वेरूळला भारतीयांना ४० रुपये लागतात, १५ वर्षांखालील मुलांना काही नाही. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी घरून नेली तर अजिंठ्याची सहल एखाद्या वाढदिवसाच्या केकपेक्षा फार महाग पडत नाही.

पुरुष मंडळींना शेवटची विनंती. त्या दिवशी पहाटेचा डबा तुम्ही करा, आणि रात्री परत आल्यावर चूल तुमच्याकडे असू द्या. दुसऱ्या दिवशी सकाळीही तिला तासभर जास्त झोपू द्या. जिला घरी परतल्यावर पंधरा माणसांची भांडी घासायची आहेत, ती धबधब्यासमोर उभी असतानाही मनाने मोरीतच असते.

तर तायांनो, यंदा यादी लहान करा, थांबे वाढवा, औषधांची पिशवी आधी भरा, आणि कारण न काढता निघा.

जय भीम!