चूर्ण नव्हे हो ते!

आमच्या परभणीत पोटाच्या कुठल्याही तक्रारीवर उत्तर एकच. "काही नाही हो, पाचक घ्या." गॅस झाले, पाचक. पंगतीत दोन जिलब्या जास्त झाल्या, पाचक. इथवर माझी काहीच हरकत नाही. पण ज्याचं स्वादुपिंडच थकलंय त्यालाही हाच सल्ला? आमचे काका दोन वर्षं हे ऐकतायत, आणि ऐकवणारे सगळे आपलेच आहेत. म्हणून जरा स्पष्टच लिहितो. राग मानू नका.

स्वादुपिंड म्हणजे पॅनक्रियाज. पिष्ट, प्रथिनं आणि चरबी पचवणारे एन्झाइम (शाळेच्या पुस्तकातली विकरं) ते तयार करतं. वर्षानुवर्षं सूज राहिली की ते कारखाने बंद पडतात. मग तेलकट, घाण वासाचा, पाणी ओतूनही न जाणारा मळ, आणि पोटभर जेवूनही माणूस रोडावतो. १९७३ साली डिमॅग्नो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की चरबी पचवणारं लायपेज नेहमीच्या १० टक्क्यांखाली गेलं की मगच ही चरबी मळातून जाऊ लागते. म्हणजे आपल्याला कळतं तेव्हा नव्वद टक्के दुकानाला कुलूप लागलेलं असतं!

आणि ते उघडायला आपण देतो काय, तर गोड सिरप. बाटली फिरवून वाचा एकदा. बहुतेकांत डायास्टेज आणि पेप्सिन. एक पिष्ट पचवतं, दुसरं प्रथिनं. चरबीचं काय? लायपेजचा पत्ताच नाही.

दुसरं पालुपद : "गोळ्यांची सवय लागेल." अहो, चष्म्याची सवय लागते म्हणून कोणी आंधळं फिरतं का? जे शरीर बनवत नाही तेच बाहेरून द्यायचं आहे. यात सवय कसली?

तिसरं म्हणजे वेळ. कोणी सांगतं अनशापोटी घ्या, कोणी जेवून तासाभराने. दोन्ही वाया. कॅप्सूलमधले दाणे अन्नाबरोबरच आतड्यात पोचले पाहिजेत, म्हणून ती पहिल्या घासाला आणि जेवता जेवता घ्यायची. दाण्यांवरचं वेष्टण पोटातल्या आम्लापासून लायपेजला वाचवतं, म्हणून ते चावायचेही नाहीत. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज लागतं, अल्पोपाहाराला त्याच्या निम्मं. नेमका आकडा डॉक्टरांनाच विचारा, पण विचारा! १०,०००ची एक कॅप्सूल घेऊन "गुण येत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. औषध महाग आहे, मान्य. पण अपुरा डोस हा सगळ्यात महाग, कारण पैसेही जातात आणि वजनही.

चौथं तर मला सहनच होत नाही : "तेल-तूप बंद करा." 'परभणी कुसुम' हे करडईचं वाण आपल्याच कृषी विद्यापीठाने दिलं, आणि आपण हाडं दिसणाऱ्या माणसाला भाकरीवर तेल घेऊ देत नाही! आजची वैद्यकीय शिफारस उलटी आहे. एन्झाइम पुरेसे द्या आणि नेहमीसारखं जेवू द्या. चरबी तोडली की वजन आणखी घटतं, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही चरबीबरोबरच शोषली जातात.

एक गोष्ट मात्र लपवू नये. हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं. आपल्या गावात शाकाहारीही आहेत, मुसलमानही. त्यांना आधी सांगावं, त्यांचा निर्णय त्यांना घेऊ द्यावा. पण "त्याऐवजी पपईच्या गोळ्या चालतील" अशी खोटी समजूत घालू नये.

अमेरिकेतसुद्धा ही औषधं वर्षानुवर्षं रीतसर मंजुरीशिवाय विकली जात होती. ताकदीत फरक सापडला, म्हणून २००४ मध्ये तिथल्या एफडीएने मंजुरी सक्तीची केली आणि शेवटी एप्रिल २०१० ची मुदत घातली. तिकडे युनिटं मोजायला एवढा खटाटोप, आणि 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या आपल्याला पाकिटाची मागची बाजू वाचायचा कंटाळा.

असो. पुढच्या वेळी काकांकडे जाल तेव्हा चूर्णाची डबी नेऊ नका. घरचं तूप न्या. आणि ते पाटावर बसले की एवढंच विचारा, "कॅप्सूल घेतली का?"