मुस्तफा कोण घेणार?

चाळिशी ओलांडलेल्या, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाने व्हिडिओ गेमवर लेख लिहावा, हे काही वाचकांना पटणार नाही. आमच्या घरांत या छंदाला मोठ्यांनी एकच नाव दिलेले आहे: लहव-ओ-लइब, म्हणजे माणसाला कामाच्या गोष्टींपासून दूर नेणारी करमणूक. आजचे मोबाइलवरचे गेम पाहिले तर ही टीका पुष्कळ अंशी खरी वाटते. कधीच न संपणारे आणि घडोघडी पैसे मागणारे हे खेळ मुलांचे डोके खातात. त्यांची वकिली मला करायची नाही. मी बोलणार आहे ते १९८० आणि १९९०च्या दशकांतल्या खेळांविषयी. त्यांतले काही खेळ चांगल्या जुन्या पुस्तकांसारखे जपून ठेवावेत असे आहेत. आपल्याकडे ते कसे खेळले गेले याची नोंद मात्र आपणच करायला हवी, कारण दुसरे कोणी ती करणार नाही.

माझ्या यादीत पहिला मान ‘मुस्तफा’चा. या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली नाणे टाकून खेळायच्या यंत्रांसाठी काढला. कथा मार्क शुल्ट्झ या अमेरिकन चित्रकाराच्या ‘झेनोझोइक टेल्स’ या कॉमिक्समधून घेतलेली. भविष्यकाळात पृथ्वीवर डायनोसॉर परत आले आहेत, काही टोळ्या त्यांची शिकार करत आहेत आणि चौघे जण त्या टोळ्यांशी लढत आहेत. जॅक टेनरेक, हॅना डंडी, मेस ओब्राडोविच आणि मुस्तफा कैरो हे ते चौघे. खेळणाऱ्याने यातला एक निवडायचा. मूळ कथेचा नायक जॅक आहे, शीर्षकातली कॅडिलॅक गाडीही त्याचीच. तरीही भारतात आणि पाकिस्तानात हा खेळ ओळखला जातो तो ‘मुस्तफा’ याच नावाने. कंपनीने ठेवलेले लांबलचक इंग्रजी नाव कोणाच्या तोंडी बसलेच नाही.

कारण साधे होते. मुस्तफा चौघांत चपळ. धावत येऊन त्याने मारलेली लाथ एका दमात तिघांना आडवे करी. रुपयाचे एक नाणे जास्तीत जास्त वेळ पुरवायचे असेल तर मुस्तफाच घ्यायचा, हा हिशेब सगळ्या पोरांनी आपापला मांडला होता. पण या हिशेबाला काळाचा एक संदर्भ आहे. १९९२-९३च्या दंगलींनंतरची ती वर्षे. एस.टी.त शेजारच्या माणसाने नाव विचारले तर अब्बा फक्त आडनाव सांगत, कारण आमचे आडनाव दोन्ही समाजांत चालणारे आहे. शाळेच्या सहलीत, बाजारात, सरकारी कचेरीत आपले नाव जरा हळू आवाजात सांगायचे, हे आम्ही मुले न शिकवता शिकलो होतो. त्याच वर्षांत आमच्या तालुक्याच्या गावी, स्टँडमागच्या गाळ्यातल्या गेमच्या दुकानात, उर्दू शाळेची आणि मराठी शाळेची पोरे खांद्याला खांदा लावून उभी असत आणि भांडण एकाच गोष्टीवरून होई: आज मुस्तफा कोण घेणार?

मुस्तफा या अरबी शब्दाचा अर्थ ‘निवडलेला’. पैगंबरांच्या विशेषणांपैकी ते एक, म्हणून आमच्याकडे मुलांना हे नाव प्रेमाने आणि आदराने ठेवतात. गाळ्यातल्या बहुतेक पोरांना हा अर्थ ठाऊक नव्हता आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. हे नाव मोठ्याने, हक्काने, ‘माझा मुस्तफा’ असे म्हणत ओरडले जाई, एवढे माझ्या कानांना पुरेसे होते. एका खेळाने समाज सुधारला असे मी म्हणणार नाही. गाळ्याबाहेर पडल्यावर जग होते तसेच असे. तरी मला आजही वाटते की तो मुस्तफा कोणाला काही शिकवायला निघाला नव्हता, म्हणूनच त्याचा परिणाम झाला. तो मुसलमान म्हणून चांगला नव्हता आणि मुसलमान म्हणून वाईटही नव्हता. तो गाड्या दुरुस्त करणारा, मित्रांच्या बाजूने लढणारा एक गडी होता. चित्रपटांत आणि पाठ्यपुस्तकांत अशी साधी जागा आमच्या नावांना फार क्वचित मिळते.

याच्या अगदी उलट उदाहरण माझ्या यादीत दुसरे आहे, आणि तोही खेळ मला तितकाच प्रिय आहे. जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने १९८९ साली ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ तयार केला. पडद्यावरचा राजपुत्र खऱ्या माणसासारखा धावतो, अडखळतो, कठड्याला लोंबकळतो; कारण मेक्नरने आपल्या धाकट्या भावाला पळताना आणि उड्या मारताना व्हिडिओवर टिपले आणि त्या चित्रांवरून एकेक हालचाल काढली. हातात साठ मिनिटे. तेवढ्यात तळघरातून वर चढून राजकन्येला दुष्ट वजीर जाफरच्या तावडीतून सोडवायचे.

उर्दू शिकवणारा माणूस म्हणून या जाफरपाशी मी दर वेळी थांबतो. ‘अलिफ लैला’तला जाफर बर्मकी हा खलिफा हारून अल-रशीदचा वजीर. वेश पालटून बगदादच्या गल्ल्यांत फिरणाऱ्या खलिफाचा तो सोबती आहे, खलनायक नाही. इतिहासातल्या खऱ्या जाफरला तर ८०३ साली याच खलिफाने ठार करवले. त्याला दुष्ट जादूगार बनवले ते १९४०च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटाने. योगायोग असा की त्याच चित्रपटात आपल्या म्हैसूरकडच्या साबूने अबू या चोराचे काम केले आहे. तिथून हा वाईट वजीर खेळात आला आणि पुढे कार्टूनमध्ये स्थिरावला. मुलांना हा खेळ द्यावा आणि सोबत ही हकीकतही सांगावी. एखादे नाव खलनायकाचे कसे होते, हे समजायला याहून सोपा धडा मला सापडलेला नाही.

पण या खेळावर माझे प्रेम आहे ते त्यातल्या सावलीमुळे. वाटेत एक आरसा येतो. राजपुत्र त्यातून उडी मारून पार जातो आणि त्याची सावली सुटी होऊन पळून जाते. पुढे ती त्याच्या वाट्याचे औषध पिऊन टाकते, त्याला खाली पाडते. शेवटाजवळ दोघे समोरासमोर येतात. सावलीवर वार केला की जखम स्वतःलाच होते. तिला मारले तर आपणही मरतो. उपाय एकच, तलवार म्यान करायची आणि तिच्याकडे चालत जायचे. मग दोघे एक होतात आणि पुढचा रस्ता खुला होतो. गंमत म्हणजे ही कल्पना अडचणीतून जन्मली. नव्या पात्राची चित्रे ठेवायला संगणकाच्या स्मृतीत जागाच उरली नव्हती, म्हणून राजपुत्राच्याच चित्रांचा वेगळा वापर करून सावली बनवली. आमच्याकडे माणसाच्या आतल्या शत्रूला नफ्स म्हणतात आणि त्याच्याशी झगडायला सांगतात. तलवार खाली ठेवूनही तो झगडा जिंकता येतो का, हा प्रश्न मी नववीच्या वर्गात निबंधाला देतो. उत्तरे वाचण्यासारखी येतात.

बाकीच्या तीन खेळांविषयी थोडक्यात. ‘टेट्रिस’ १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव याने सरकारी संशोधन संस्थेत काम करताना तयार केला. त्याच्या संगणकावर चित्रे दाखवण्याची सोयच नव्हती, म्हणून पहिले ठोकळे अक्षरांच्या खुणांनी काढलेले होते. हक्क सोव्हिएत सरकारकडे गेले आणि खुद्द पाजित्नोवला नियमित मानधन मिळू लागले ते १९९६ पासून. आपल्याकडे तो उरुसात आणि जत्रेत विकल्या जाणाऱ्या छोट्या ‘ब्रिक गेम’मधून पोहोचला. डिसेंबर २०२३मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या एका मुलाने त्याची निन्टेन्डोवरची जुनी आवृत्ती इतकी पुढे नेली की खेळच गोठून बंद पडला. तीस वर्षांहून जुना खेळ अजूनही नवा विक्रम देतो, यावरून त्याची बांधणी किती पक्की आहे ते कळावे.

‘कॉन्ट्रा’ आला टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली यंत्रांवर, एका कॅसेटमध्ये शेकडो गेम असल्याची थाप मारणाऱ्या त्या रंगीत कॅसेटमधून. वर-वर, खाली-खाली, डावी-उजवी, डावी-उजवी, मग बी आणि ए अशी बटणे दाबली की तीस जीव मिळत. ही युक्ती मुळात काझुहिसा हाशिमोतो याने १९८६च्या ‘ग्रेडियस’ या खेळासाठी केली, कारण तपासणीसाठी खेळताना तो त्यालाच जड जात होता. इंटरनेट नसताना ती तालुक्यातालुक्यांत तोंडोतोंडी पोहोचली. आणि शेवटी नोकियाचा ‘स्नेक’. तानेली आरमान्तोने तो १९९७च्या ६११० या फोनसाठी लिहिला. यादीत तो असण्याचे कारण माझी अम्मी. गेमच्या दुकानात मुलींना प्रवेश नव्हता. तशी पाटी नव्हती, पण कोणी जात नसे. ‘सापाचा गेम’ मात्र थेट घरात आला आणि माझी अम्मी, खाला, आपा यांच्या हाती पडला. पहिल्यांदाच घरातला सगळ्यात मोठा आकडा बाईच्या नावावर होता.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हे खेळ टिकतील, असे आपण गृहीत धरतो. तशी स्थिती नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये केलेल्या अभ्यासानुसार, त्या देशात २०१०पूर्वी आलेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज बाजारात रीतसर मिळत नाहीत. कॅपकॉमच्या त्या काळातल्या बऱ्याच सर्किट बोर्डांवर एक बॅटरी असे. ती संपली की आतली किल्ली पुसली जाई आणि यंत्र निकामी होई. खुद्द ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’चा मूळ प्रोग्राम हरवला होता. २०१२मध्ये मेक्नरच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात त्या फ्लॉपी सापडल्या, जाणकारांनी जपून वाचल्या आणि तो सर्वांसाठी खुला झाला. एवढ्या गाजलेल्या खेळाची ही गत, तर बाकीच्यांचे काय?

मुस्तफाची गोष्ट आणखी अवघड. त्यातली पात्रे दुसऱ्याच्या कॉमिक्समधली, म्हणून हक्कांचा गुंता. २०१८मध्ये कॅपकॉमने हाणामारीच्या सात जुन्या खेळांचा संग्रह विकायला काढला, त्यात मुस्तफा नव्हता. तो जिवंत आहे तो मुख्यतः १९९७मध्ये निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने सुरू केलेल्या ‘मामे’सारख्या प्रकल्पांमुळे, ज्यांनी जुन्या यंत्रांची नक्कल संगणकात उतरवून ठेवली. यावर कोणी म्हणेल, ही तर चोरीच. हक्क असलेल्याला पैसे मिळावेत, हे मलाही मान्य आहे आणि जो खेळ विकत मिळतो तो मी विकतच घेतो. पण जो कोणी विकतच नाही, तो वाचनालयात तरी असू द्यावा. अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी असे खेळ अभ्यासकांना दुरून वापरू देण्याची परवानगी मागितली होती. ऑक्टोबर २०२४मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. पुस्तकांना जो न्याय मिळतो तो खेळांना का नाही, याचे पटणारे उत्तर मला मिळालेले नाही.

आपल्यापुढचा प्रश्न याहून वेगळा आहे. प्रोग्राम कोणीतरी वाचवील. अमेरिकेत आणि युरोपात त्यासाठी संग्रहालये आहेत. पण आपल्याकडे हे खेळ नकली यंत्रांतून, बिनापावतीच्या दुकानांतून, वेगळ्याच नावांनी आले. त्यामुळे कोणत्याही कंपनीच्या दप्तरात आपण नाही. गेल्या वर्षी मी आठवीच्या मुलांना एक काम दिले: घरात विचारून या, कोण कोणता गेम खेळत असे आणि त्याला काय म्हणत. वह्या भरून आल्या. ‘ठोकळ्यांचा’, ‘बंदूकवाला’, ‘सापाचा’, आणि अर्थातच ‘मुस्तफा’. एका मुलीने लिहिले की तिच्या मामूंनी दुकानात पहिला मराठी दोस्त केला तो एकाच नाण्यावर आळीपाळीने खेळून. हा आपला सामाजिक इतिहास आहे आणि तो सांगणारी माणसे आता पन्नाशीकडे चालली आहेत.

म्हणून पालकांना आणि शिक्षकांना माझे सांगणे एवढेच. मुलांना सरसकट ‘गेम नको’ म्हणण्याऐवजी यातला एखादा खेळ शेजारी बसून खेळा. दुकानातली ती यंत्रेही नाणी खाण्यासाठीच बनवलेली होती, हेही सांगा. तरी त्या खेळांना शेवट होता आणि तो गाठला की घरी जाता येई. माळ्यावर जुनी कॅसेट असेल तर भंगारात देऊ नका. आणि आपापल्या गावच्या दुकानाबद्दल मराठीत, उर्दूत, जमेल तसे चार पाने लिहा. मूळ कथेत मुस्तफा कैरो नायकाचा सोबती होता. त्याला नायक केले ते आपल्याकडच्या, सगळ्या आडनावांच्या पोरांनी, आणि तेही अशा वर्षांत की जेव्हा ते सोपे नव्हते. ही गोष्ट लिहिलेली असली पाहिजे.